'चंपावती' पनवेलच्या खाडीत

'चंपावती'ला पनवेलच्या बंदरात न्यायचं, एवढंच आमचं काम होतं.

जुन्या आरमारी गलबताच्या नमुन्यावर नव्याने सागवानात बांधलेलं हे दोन डोलकाठ्यांचं जहाज कोकणातल्या बंदरांना एकेक करून भेट देत चाललं होतं. विजयदुर्ग झालं, हर्णै झालं, मुरूड आणि रेवदंडा झालं. प्रत्येक गावात शाळेची मुलं जहाजावर चढायची, शिडाचे दोर ओढून हात लाल करून घ्यायची. मी त्यांना सांगायचो, की तुमच्या गावाच्या पाण्यावर एके काळी अशी जहाजं होती, आणि ती तुमच्याच लोकांनी बांधली होती. माझं नाव कुंदन. जहाजावरचा इतिहासाचा मास्तर मी.

आम्ही उरणला नांगर टाकून होतो, तेव्हा मोहीम काढणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातून फोन आला. पनवेल वगळायचं ठरलं होतं. पनवेल हे आता काही बंदर राहिलेलं नाही. तिथल्या मुलांना मॉलमध्ये मोठ्या पडद्यावर जहाज दाखवू, असं त्यांचं म्हणणं.

आमची कप्तान वसुंधरा घरत. मालवाहू जहाजांवर वर्षानुवर्षं काढलेली, आणि जन्माने पनवेलच्या कोळीवाड्यातली. तिने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की आता तो पाण्यात जातो असंच मला वाटलं.

"बंदर राहिलं नाही?" ती म्हणाली. "घाटावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलला उतरायचा आणि तिथून गलबतांनी मुंबईला जायचा. माझा आजा त्याच पाण्यावर मचवा घेऊन मीठ वाहायचा. आणि हे मला सांगतात, पडदा लावू!"

"पण खाडी गाळाने भरली आहे असं ते म्हणतात," मी म्हणालो.

"बघितलीय का त्यांनी? मास्तर, कोजागिरीचं उधाण आलंय. पाणी जाईल तिथवर जहाज जाईल. शाळेला कळवा, आम्ही येतोय."

पनवेलच्या शाळेतल्या दिपिका मॅडमना मी कळवलं. मुलं जुन्या बंदरावर येऊन थांबतील, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती लागताच आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. वसुंधरेचे चुलते काशिरामकाका आपली होडी घेऊन तिथे वाट बघत होते. होडी आमच्या मागे बांधून ते वर चढले. उन्हाने कातडं रापलेला, बुटका, रागीट माणूस. चढल्या चढल्या त्यांनी पहिला शब्द काढला तो शिवीचा, आणि ती खाडीवरच्या पुलांना होती.

जहाजावर आम्ही मोजकेच होतो. वसुंधरा सुकाणूवर, काका वाट दाखवायला पुढच्या टोकाला, नाळेवर, इंजिनाचा हरेश खाली, मी, आणि दोरांवर चार खलाशी. हरेश कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतला, कमी बोलणारा तरुण. इंजिनाशी मात्र तो दिवसभर गप्पा मारायचा.

आत शिरलो तशी दोन्ही काठांची खारफुटीची तिवरं जवळ आली. भरतीचं मातकट पाणी त्यांच्या मुळांत घुसत होतं, बुडबुडे काढत होतं. वर फांद्यांवर बगळे गप्प बसले होते, आणि त्यांच्या पलीकडे, झाडांच्या शेंड्यांवरून, उंच इमारतींच्या रांगा आमच्याकडे बघत होत्या. चिखलावरून एक कोल्हा सावकाश चालत गेला. मध्येच डोक्यावरून विमान गेलं, पोट दिसावं इतकं खालून. शहराच्या इतक्या जवळ असूनही त्या चिखलात उतरलेल्या माणसाला हाक मारून कुणी सापडणार नाही, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

पुलांसाठी 'चंपावती'च्या डोलकाठ्या बुंध्याशी आडव्या पाडता येत. पहिली डोलकाठी सुरळीत खाली आली. दुसरीची खीळ अडकली.

आणि पूल समोर दिसू लागला!

"मागं घे!" काका ओरडले.

वसुंधरेने इंजिन उलटं फिरवलं. जहाज थरथरलं, पण थांबेना. उधाणाच्या पाण्याने ते मागून धरलं होतं आणि पुलाकडे ढकलत होतं. हरेश घण घेऊन वर धावला. एक घाव. दुसरा. खीळ हलेना! पुलावरच्या गाड्यांचा आवाज आता अंगावर येत होता. हरेशने दात आवळून बाजूने घाव घातला आणि खीळ उडाली. डोलकाठी कलली, दोर आमच्या तळहातांची साल काढत सुटला, आणि ती धाडकन आडवी झाली. पुढच्याच क्षणी आमच्यावर सावली पडली. पुलाचं काँक्रीट डोक्यावरून सरकत गेलं. हात वर केला असता तर लागलं असतं.

पलीकडे उजेडात आल्यावर काका मागे पुलाकडे वळून म्हणाले, "हा पूल बांधला तवा कुनी इचारला आमाला, होड्या कशा जातील म्हनून? नाय इचारला!"

आणखी दोन पूल गेले. पनवेल जवळ येत होतं. पुढच्या वळणावर खाडी डावीकडे फिरते.

"उजव्या अंगाला ठेव, वसू," काका म्हणाले. "बाहेरच्या वळणाला पानी खोल. डोळं मिटून जा."

वसुंधरेने जहाज उजवीकडे घेतलं. आम्ही वळलो.

धक्का असा बसला, की मी तोंडावर आपटलो. लाकडाचा कडाका झाला. 'चंपावती' पुढून उचलली गेली आणि जागच्या जागी थांबली. उठून कठड्यावरून वाकलो तेव्हा गढूळ पाण्यात मला पांढुरकं काहीतरी दिसलं. दगड नव्हता तो. फुटलेले खांब, लाद्या, विटांचे तुकडे, संडासाच्या फरशा, आणि त्या सगळ्यातून वर आलेल्या गंजक्या लोखंडी सळया. काठावरून उतरत आलेला ढीग खाडीच्या पार अर्ध्यापर्यंत पोचला होता.

काका बघतच राहिले. "इथं माझी जाळी लागत होती," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला. "इथं माझी जाळी लागत होती रं! पावसाच्या आदी इथं बांबू टेकत नव्हता!"

तेवढ्यात काठावर घरघर झाली. तिवरं तोडून केलेल्या रस्त्यावरून एक डंपर मागे मागे आला. आम्ही समोर आहोत, जहाज अडकलेलं आहे, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. त्याने हौदा उचलला. धूळ उडाली, आणि एका पाडलेल्या इमारतीचा आणखी एक तुकडा खाडीत गेला.

"ए!" वसुंधरा किंचाळली. "थांबव! माणसं आहेत इथे!"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "मॅडम, इथे बोट कशाला आणली? ही जागा भरायची आहे. इथे प्लॉट पडणार."

"खाडी आहे ही!"

"होती," तो म्हणाला आणि हसला. डंपर निघून गेला.

मी वसुंधरेला चिडलेली अनेकदा पाहिली होती. अशी नव्हती पाहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि हाताची मूठ कठड्यावर आपटत होती, एकसारखी, आवाज न करता. बंदरांचा इतिहास मी मुलांना सांगत आलो होतो, जुनी लढाई सांगावी तसा. इथे ते बंदर दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर गाडलं जात होतं, आणि गाडणारा हसत होता!

"ताई!" खालून हरेशची हाक आली. "पाणी!"

आम्ही धावलो. नाळेजवळच्या फळीतून एक सळई आत घुसली होती, मनगटाएवढं भोक पाडून, आणि भोवतीच्या फटींतून पाणी उसळत होतं. हरेश गाद्या, गोणपाट, हाताला लागेल ते कोंबत होता.

"इंजिन उलटं मारून ओढलं तर?" मी विचारलं.

"सळई जाड आहे, वाकायची नाही. फळी उखडेल. मग बुडालोच," हरेश म्हणाला.

"बाहेरून कापायची," वसुंधरा म्हणाली. "आत राहू दे तुकडा. काका, मागचा नांगर होडीत घ्या आणि मागे खोल पाण्यात टाका. दोर आपण ओढू. मास्तर, पोहता येतं ना? चला."

आम्ही लोखंड कापायच्या करवती घेऊन उतरलो. ढिगाऱ्यावर पाय ठरला तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं; फक्त टोचत होतं. वसुंधरेने डुबकी मारली, सळई चाचपली, वर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेली. ती दमली की मी. मी दमलो की ती. तोंडात चिखल, डोळ्यांत चिखल. पाण्याखाली करवतीचा आवाज दातांत ऐकू येत होता.

मग माझ्या लक्षात आलं, की पाणी माझ्या छातीवरून पोटावर उतरलं आहे. ओहोटी लागली होती!

"कप्तान..."

"दिसतंय मला. काप!"

पाणी उतरत होतं तसं जहाज ढिगाऱ्यावर टेकत होतं, आणि टेकता टेकता कलत होतं. आमच्या बाजूला. वर फळ्या कण्हू लागल्या. एवढं मोठं सागवानी अंग हळूहळू आमच्या डोक्यावर ओणवं होत होतं. वरून खलाशी ओरडत होते, बाहेर या, बाहेर या! वसुंधरा शिव्या देत करवत ओढत होती. बिल्डरला, डंपरला, करवतीला, मला. मी दोन्ही हातांनी सळई धरून ताणली.

टण्!

सळई तुटली. जहाजाने हिसका दिला. "ओढा!" वसुंधरेची आरोळी गेली. मी मागे सरायला गेलो आणि माझा पाय दोन लाद्यांच्या फटीत गेला. ओढला, निघेना. जहाजाचा तळ माझ्याकडे सरकत होता. तेवढ्यात मानेला कुणीतरी धरलं आणि असं खेचलं, की बूट फटीतच राहिला आणि मी वसुंधरेसकट पाण्यात उलटा झालो. मी होतो त्या जागेवरून 'चंपावती' खरखरत, किंचाळत मागे घसरली. नांगराचा दोर ताठ झाला होता, चारही खलाशी त्याला लोंबकळले होते, आणि काका होडीत उभे राहून दोन्ही हात नाचवत होते. "आली! आली रं आली!"

जहाज मोकळं झालं होतं.

आम्हाला काकांनी होडीत ओढून घेतलं. जहाजावर चढताच सगळ्यांनी मिळून एक शीड तळाखालून आडवं ओढलं आणि दोन्ही बाजूंनी आवळून बांधलं. पाण्याच्या दाबाने ते भोकावर बसलं. आतलं पाणी वाढायचं थांबलं.

"डाव्या अंगाला जागा हाय," काका म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "चिंचोळी हाय, पन हाय. घाल पुढं, वसू! घाल त्यांच्या नाकावर टिच्चून!"

वसुंधरा सुकाणूपाशी गेली. वळणापलीकडे पनवेलच्या इमारती दिसत होत्या. तिथे बंदरावर मुलं उभी होती. तिचा हात सुकाणूकडे गेलेला मी पाहिला, आणि खरं सांगतो, मलाही वाटलं, घालावं!

हरेश खालून वर आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "ताई, तुम्ही म्हणाल तर इंजिन देतो," तो म्हणाला. "पण पाणी उतरतंय. अजून एक सळई घुसली तर मी खालून वर येणार नाही. एवढंच सांगतो."

तिने सुकाणूवरचा हात काढला आणि कठड्यावर एक शेवटची मूठ आपटली.

"फिरवा," ती म्हणाली.

ढिगाऱ्यापासून थोडं मागे, जिथे तळाशी नुसता मऊ रेंदा होता, तिथे तिने 'चंपावती'ला काठाजवळ आणून नांगर टाकला. ओहोटीत तिथे जहाज अलगद बसणार होतं. पुढच्या भरतीला परत फिरायचं. मी दिपिका मॅडमना फोन केला आणि म्हणालो, की आम्ही पोचू शकत नाही. अडकलो कुठे, कशाने, सगळं सांगितलं.

"ते वळण बंदरापासून चालत फार लांब नाही," त्या म्हणाल्या. "आम्हीच येतो."

ती मुलं खाडीच्या बांधावरून आली, निळ्या गणवेशात, एकामागे एक. पुढे दिपिका मॅडम, पदर खोचून. ढिगाऱ्याच्या अलीकडे डंपरच्या रस्त्यावर येऊन मुलं थबकली आणि जहाजाकडे बघू लागली. आडव्या डोलकाठ्या, तळाला गुंडाळलेलं शीड, आणि कठड्याशी चिखलाने माखलेली एक बाई.

"मॅडम, तुमचं जहाज कुणी फोडलं?" एका मुलीने ओरडून विचारलं. अंकिता तिचं नाव, ते मला नंतर कळलं.

वसुंधरेने दोन्ही हात तोंडाशी धरले. "बंदर फोडलंय, जहाज नाही! तू उभी आहेस ना, त्याच्या पुढेच खाडी होती. या पावसाच्या आधी होती. हे काका तिथे मासे पकडत होते!"

आणि तिने शिकवायला सुरुवात केली. विजयदुर्गला, मुरूडला मी जे सांगायचो त्यातलं काहीच नाही. पाणी कुठवर यायचं, गलबतं कुठे लागायची, मीठ कुठे उतरायचं, हे ती बोटाने दाखवत होती आणि मुलं माना वळवून बघत होती. मध्ये मध्ये काका चुका काढत होते, आणि दोघं मुलांसमोर कडाकडा भांडत होती.

डंपर परत आला तेव्हा हेच चाललं होतं. भरलेला. तोच ड्रायव्हर. त्याने हॉर्न वाजवला. मुलं घाबरून बाजूला होऊ लागली. दिपिका मॅडमनी त्यांना बांधावर चढवलं आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा, बाई. मला शेठ ओरडेल."

"शेठला बोलवा," मॅडम म्हणाल्या. "माझा वर्ग चालू आहे."

त्याने आणखी एकदा हॉर्न दाबला, लांबलचक. आम्ही होडीत उड्या टाकल्या. काठाला लागून वसुंधरा, हरेश, काका आणि एका पायात बूट असलेला मी, चौघे चिखल तुडवत वर आलो आणि मॅडमच्या शेजारी उभे राहिलो. बांधावरून मुलं आमच्याकडे बघत होती. या वेळी ड्रायव्हर हसला नाही. त्याने एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा मुलांकडे, आणि गिअर टाकला. डंपर भरलेला तसाच, पीं पीं करत, तोडलेल्या तिवरांमधून मागे मागे गेला.

"उद्या येईल तो," काका म्हणाले.

"येऊ दे," वसुंधरा म्हणाली. ती मुलांकडे वळली. "हं, कुठे होते मी?"

"मीठ!" मुलं ओरडली.