कापसाच्या खोलीतला उंदीर

नागसेन पहिल्यांदा सारिकाच्या घरी आला तेव्हा ती कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून बसली होती. अंगात इस्त्रीचा कुडता, कानात हेडफोन, मांडीवर लॅपटॉप... आणि डोळ्यांत पाणी.

"नेट बंद पडलं म्हणून तुमीच फोन केला होता ना?" दारातून त्यानं विचारलं. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात पकड. मग तिचे डोळे पाहून आवाज हळू करत म्हणाला, "एवढं रडाचं नाही. जोडून देतो."

"रडून नाही राह्यले. कापसाची खाज हाये."

"डोळ्यात?"

हसायचं नव्हतं, तरी तिला हसू आलं. असा मेला नेटवाला आयुष्यात पाहिला नव्हता तिनं.

रडण्याचं कारण साधं होतं. थोड्याच वेळात तिची मुलाखत होती आणि लाइन मेलेली. खामगावकडच्या उंद्रीसारख्या गावात बसून कायम घरूनच करायची नोकरी शोधणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. एका जाहिरातीत घरून काम होतं, पण आठवड्यातले तीन दिवस पुण्यात. दुसरीत आधी अनामत भरा. तिसरीतल्या साहेबानं मागून कोंबडा आरवला म्हणून बोलणंच आवरतं घेतलं. शेजारी पिठाची गिरणी, मोबाइलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभं राहायचं. अख्ख्या घरात शांत अशी एकच जागा होती, ती म्हणजे कापूस भरलेली पुढची खोली. छतापर्यंत रचलेल्या कापसात बाहेरचा आवाज जिरून जाई.

गुलाबी बोंडअळीनं त्या साली अर्धं वावर खाल्लं होतं आणि उरलेल्याला भाव नव्हता. सारिकाची आई जनकाबाई आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला परत पाठवत होती. मायलेकींचं ठरलं होतं, कापूस विकला जाईपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सारिका पुण्याला जाईल. वडील नव्हते. ती गेली की आई त्या घरात एकटी.

नागसेननं ढिगात हात घालून वायर बाहेर ओढली. "उंदरानं कुरतडली हो. कापसात राह्यतेच ते." मग त्याचा चेहरा उतरला. "पण पक्की जोडाची मशीन चिखलीले हाये. मी मोताळ्याकडून सरळ इकडंच आलो."

"मंग?"

"मंग हा साधा जोड लावतो. पण ढिला हाये, बोटानं दाबून धरा लागन." त्यानं बाह्या सारल्या, कापसात फतकल मारली आणि वायर चिमटीत धरली. लॅपटॉपवर हिरवा दिवा लागला. "घ्या. द्या मुलाखत."

"अन् तुमी?"

"मी इथीच हाये. जाऊन कुठी राह्यलो?"

महिनोन् महिने साठलेल्या कापसात काय खाज सुटते, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. सारिका ओढणी गुंडाळून बसायची तरी रात्री खोबरेल लावावं लागे. हा तर उघड्या हातांनी बसलेला.

पडद्यावर बंगळुरूच्या मॅडम आल्या. लोकांच्या तक्रारी ऐकून सोडवायचं काम होतं. आधी त्यांनी सारिकाच्या पाठीमागचं बर्फाचं चित्र काढून टाकायला सांगितलं. तो बर्फ नाही, कापूस आहे, हे पटवायला तिला मूठभर कापूस कॅमेऱ्यासमोर धरावा लागला. मॅडम हसल्या आणि सारिकाची भीती गेली. मग ती झकास बोलली.

शेवटी मॅडमनी विचारलं, "गावात लाइन गेली तर काय करणार?"

सारिकानं तिरप्या नजरेनं पाहिलं. नागसेनची मान लालबुंद झाली होती, नाक आक्रसलं होतं, कपाळावरून घाम ओघळत होता. पण चिमटी हलली नव्हती.

"माझ्याकडे माणूस आहे," ती म्हणाली. "तो सोडत नाही."

पडदा बंद झाला आणि नागसेन वायर टाकून अंगणातल्या हौदाकडे असा पळाला, की ओसरीवर वाती वळत बसलेली शेजारची सोजराबाई तोंडात पदर कोंबून हसली.

नोकरी लागली. कायम घरूनच. सारिकानं सांगितलं तशी जनकाबाईनं तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता बोलाव त्या खामगावच्या व्यापाऱ्याले." भाव तोच होता, महिन्यापूर्वी परत पाठवलेला. आई इतके दिवस कशासाठी थांबली होती, ते सारिकाला तेव्हा कळलं, आणि मग तिला खरंच रडू आलं.

कापूस गेला, खोली मोकळी झाली. नागसेननं मशीन आणून वायर पक्की जोडली आणि निघून गेला. आता काही अडचण नव्हती. हीच अडचण होती.

पुढच्या रविवारी लाइन गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. दोन्ही वेळा तो आला, जोडून गेला, चहा पिऊन गेला. तिसऱ्या रविवारी मात्र त्यानं वायरचं टोक उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"कापूस नाही राह्यला. मंग उंदीर काऊन राह्यला?"

"सवय लागली असन त्याले..."

"अन् तो रविवारीच जेवते? तुमाले सुट्टी असते तवाच?"

"मले काय मालूम."

"दात बी लय सरळ हायेत. पह्यल्या खेपेचे असे नव्हते."

तेवढ्यात आतून जनकाबाईचा आवाज आला, "सारिके, कात्री कुठी ठेवली वं? दर आयतवारी गायब होते."

सारिकानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. नागसेन हसला नाही, हे त्याचे उपकारच.

"दिवसभर लोकाईले सांगते मी," ती खाली पाहत म्हणाली, "का अडचण असन ते सरळ सांगा... अन् माही मलेच सांगता येत नव्हती."

"आता सांगा."

"माणूस येते, जोडते... अन् निघून जाते." तिनं मान वर केली. "तो जाऊ नाही, एवढीच तक्रार हाये."

नागसेनची मान त्या दिवशीसारखी लाल झाली, कापूस नसताना. "मॅडमले तुमी म्हटलं होतं, तो सोडत नाही," तो म्हणाला. "तवापासून मी सोडलंच कुठी? दर रविवारी सकाळपासून फोन हातात धरून बसतो... का आज उंदीर कवा येते."

त्यानं तुटलेल्या वायरचं एक टोक तिच्या चिमटीत दिलं, दुसरं आपल्या हातात ठेवलं.

"धर. आता तुही पाळी."

"अन् खाज सुटली तं?"

"खाजवाचं नाही. मी खाजवलं होतं काय?"

आत कात्री सापडली होती, चहा उकळत होता. सारिकानं चिमटी घट्ट केली, आणि नागसेननं मशीन पिशवीतून बाहेर काढलीच नाही.