सात नंबरला गोड आवडायचं

मी दार ढकललं, दिवा लावला आणि कोणीतरी ओरडलं, "बंद करा! रात्र आहे!"

सकाळचे अकरा वाजले होते.

"रात्र? डोकं ठिकाणावर आहे का?"

"उंदरांची रात्र." त्यानं दिवा घालवला. लाल बल्बच्या उजेडात एक चष्मा आणि दोन मोठे कान तेवढे दिसले. "ते अंधारात जागतात."

"मग दारावर लिहायचं ना!"

"लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

शाळा सोडून पाच वर्षं झालेली, एक काम धड टिकत नव्हतं. या प्रयोगशाळेत पिंजरे धुवायला लागले, तो माझा पहिला दिवस. तो तिथे पीएचडी करायचा. मी त्याला अर्धा डॉक्टर म्हणायचे, तो मला तडतडी.

उंदरानं दांडी दाबली की नळीतून गोड पाण्याचा थेंब यायचा. दिवसभर तेच. काहींना तो आधी सुई टोचायचा.

"त्यानं काय होतं?"

"मेंदूत बारीक कुलपं असतात असं समज. रिसेप्टर. गोड मिळणार म्हटलं की किल्ली बसते, उंदीर धावतो. हे औषध कुलपातच जाऊन बसतं. किल्ली बाहेर."

"तुझ्या कुलपात काय अडकलंय? तीन आठवडे झाले, चहा विचारशील तर शपथ!"

त्याचे कान लाल झाले... की बल्बमुळे, देव जाणे.

मग रोज जिन्यावर चहा. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. ती जागा रोज थोडी कमी व्हायची.

सुई टोचलेला सात नंबरचा उंदीर दांडीशेजारी नुसता पडून असायचा. माझा जीव तुटायचा. एकदा बोट गोड पाण्यात बुडवून त्याच्या तोंडाशी धरलं — चाटलं की त्यानं! मग सुईवाल्या सगळ्यांनाच पाजलं. आठ दिवस. गुपचूप.

"तू पाजत होतीस?" त्यानं विचारलं. आवाज अगदी हळू.

"मग काय मरू देऊ?"

"मरत नव्हते गं ते..."

ओरडला असता तर मी भांडले असते. माझ्या पाजण्यानं आकडे बिघडले, चार महिन्यांचं काम वाया गेलं होतं. त्याच्या गाईड सरांनी मुदत वाढवली नाही. आणि यानं त्यांना सांगितलं, "चूक माझीच." माझं नावच घेतलं नाही.

"सात नंबर चाटत होता ना पण?" चष्मा पुसत तो म्हणाला.

"मिटक्या मारत."

"म्हणजे आवडणं शाबूत होतं. उठून जाणं तेवढं गेलं."

त्याच्या शेवटच्या दिवशी तो बॅग घेऊन दारात आला. "साडेचारला गेटवर गाडी येईल. आलीस तर... एक विचारायचंय."

"इथेच विचार."

"नाही. तू उठून यायला हवीस."

मी पालथ्या बादलीवर बसले. ज्याचं सगळं घालवलं, त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं जायचं? हॉर्न दोनदा वाजला. थांबला. मग एकदा... लांबून.

सात नंबरचं औषध बंद होऊन चार दिवस झाले होते. तो उठला, दांडीपाशी गेला. टक. टक.

मला अर्धा डॉक्टर आवडत होता. फार. आणि मला तर कोणी सुईही टोचली नव्हती.