किड्यांनी सोडलेले पक्षी

कपाट उघडलं तेव्हा वास आला नाही. गडबड तिथेच होती, पण त्या क्षणी ती कुणाच्या लक्षात आली नाही.

पक्षी-दालनातलं कुठलंही कपाट उघडा, डांबरगोळ्यांचा भपकारा थेट टाळूला जाऊन बसतो. ह्या कपाटातून काहीच आलं नाही. संचालकांनी वरचा खण ओढला. मूठभर पिसं उडाली, आणि तळाशी असलेल्या काळपट, केसाळ अळ्या उजेडाला भिऊन कोपऱ्यांत पळाल्या.

शुक्रवारी प्राध्यापकांचा सत्कार होता. हेच कपाट मंचावर नेऊन पाहुण्यांसमोर उघडायचं होतं. संचालकांनी आधी पोलिसांना फोन केला आणि मग पाणी मागितलं.

निरीक्षकबाई आल्या त्या चष्मा पुसतच. प्रकरण त्यांच्या गळ्यात पडलं होतं, कारण खून नव्हता, आणि खून नसलेली कामं त्या मन लावून करतात असा त्यांचा लौकिक होता.

"मॅडम, मेलेल्या पक्ष्यांना किड्यांनी खाल्लं," हवालदार कानाशी म्हणाला. "ह्यात अटक कुणाला करायची?"

"आणून सोडणाऱ्याला. किड्यांना जामीन देऊ."

कपाटासमोर प्राध्यापक उभे होते. उंच, ताठ, पांढऱ्या भुवयांचे. विद्यार्थी पाठीमागे त्यांना गरुड म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं, आवडतही होतं. एका बेटावरचे हे पक्षी त्यांच्या आयुष्याची कमाई. बेटाच्या कोरड्या बाजूला आखूड चोचीचे, दलदलीच्या बाजूला लांब चोचीचे. एका जातीच्या दोन जाती होताना मी पकडल्या, असं ते भाषणात सांगत. खणात ते पक्षी जोडीजोडीनं मांडलेले होते: एक आखूड, शेजारी एक लांब. आत कापूस, पायाला चिठ्ठी.

आता प्रत्येक जोडीतला एकच शिल्लक होता.

आखूड चोचीच्यांचा चुरा झाला होता. लांब चोचीचे मात्र जसेच्या तसे, मिटल्या पंखांनी पडून होते. त्यांच्या अंगावर दाताची एक खूण नव्हती.

"किड्यांनाही आवडनिवड असते म्हणायची," हवालदार म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. प्राध्यापकांनी चुऱ्यातून एक पंख बोटांनी अलगद उचलला, तळहातावर धरला. त्यांचे डोळे भरून आले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी शेजारचा धड पक्षी त्यात धरला आणि बाजूला सरकवला. पंख पुन्हा उघड्या हातानं जागेवर ठेवला.

"हे सगळे तुम्हीच आणलेले, सर?"

"आणलेले, सोललेले, भरलेले. एकेक पक्षी ह्या हातांनी."

"मदतीला कुणी?"

"मेहुणी होती. बायकोची धाकटी बहीण. विद्यार्थिनी माझी. स्वयंपाक करायची, कंदील धरायची." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "गेली बिचारी. फार वर्षं झाली."

"आणि हे कुणाचं काम, असं वाटतं?"

"वाटायचं काय त्यात?" त्यांनी भुवई दालनाच्या टोकाकडे वळवली. तिथे संग्रहपाल उभी होती. तिशीतली, त्यांचीच शिष्या. "कपाटाला किल्ल्या दोन. एक माझी, एक हिची. मी वाढवलेलं पाखरू आहे ते. माझ्याच फांदीवर चोच घासतंय. संध्याकाळच्या आत हिला काढा, असं मी संचालकांना सांगितलंय. आणि तुम्ही तिला घेऊन जा."

संचालकांनी मान हलवली. सत्कारमूर्तींपुढे त्यांची मान तेवढंच करायची.

*

संग्रहपालच्या खोलीत बसायला खुर्ची एकच होती. तिनं ती बाईंना दिली आणि स्वतः एका कासवाच्या पेटीवर टेकली.

"नोकरी जाईल माझी," ती म्हणाली. "गेली तर दुसरी मिळेल. पण संग्रहात किडे सोडणारी म्हणून नाव झालं, तर मला कुठलं संग्रहालय दारात उभं करणार नाही. स्वयंपाक्यानं विष घातलं म्हणण्यासारखं आहे हे."

"हे किडे येतात कुठून?"

"आमच्याकडचेच. मागच्या फाटकाजवळ किडेघर आहे. मेलेला प्राणी त्यांच्यापुढे ठेवायचा, ते मांस खाऊन हाडं लखलखीत करून देतात. पाळीव म्हणा ना. पण दालनात एक जरी शिरला तरी आमची झोप उडते."

"किडेघराला कुलूप?"

"कडी. तिथला वासच कुलूप आहे, मॅडम. तिथून कोण काय चोरणार?"

"समजा चोरले. न्यायचे कशातून? पिशवीतून?"

"पिशवी कुरतडतील, पुठ्ठाही. आम्ही काचेच्या पेटीत ठेवतो, गुळगुळीत भिंतीवर त्यांना चढता येत नाही. काच नाहीतर स्टील."

"आणि सरांशी तुमचं भांडण?"

तिनं खाली पाहिलं. "महिन्यापूर्वी मी जुने पक्षी तपासत होते. पूर्वी कातडी टिकावी म्हणून आतून सोमल लावायचे. जालीम विष. म्हणून हात लावण्याआधी आम्ही तपासून घेतो. सरांच्या कपाटातल्या लांब चोचीच्यांत सोमल निघाला. आखूड चोचीच्यांत निघाला टाकणखार. तो निरुपद्रवी असतो. मी घरी गेले त्यांच्या. विचारलं, सर, एकाच मोहिमेत दोन औषधं का? साधा प्रश्न होता."

"उत्तर?"

"चहा अर्धा टाकून उठवलं मला. म्हणाले, सत्कार होईपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही. मी नाही लावला. काकू दारापर्यंत आल्या, चप्पल शोधून दिली."

"सोमल लावलेला पक्षी किडे खातात?"

"तोंड लावत नाहीत." मग तिचा आवाज पडला. "म्हणूनच सगळे म्हणतील मीच केलं. कुठला पक्षी उरणार, हे फक्त मला ठाऊक होतं."

"फक्त तुम्हाला?" बाईंनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही.

*

प्राध्यापकांच्या खोलीत जेवणाची वेळ झाली होती. त्यांची पत्नी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा घेऊन आली होती. निवृत्त झाल्यावरही ते रोज इथे येत आणि ती रोज मागच्या फाटकानं डबा आणत असे. ठेंगणी, शांत बाई. अंगावर लोकरीची शाल, आणि शालीला भोकं.

"बसा, काकू," निरीक्षकबाई म्हणाल्या. "शाल कसरीनं खाल्लेली दिसते."

"डांबरगोळी चालत नाही ना घरात. ह्यांना वास सोसत नाही."

"संग्रहालयाचा वास संग्रहालयातच राहू दे, असं माझं म्हणणं," प्राध्यापक म्हणाले. "पण उपयोग काय? हल्ली डब्यालाच तो वास येतो. हिला म्हटलं, नाक गेलं का तुझं? शिवाय कप्पे तीन, भरलेले दोन. तिसरा रिकामाच घेऊन येते. वय झालं, विसरते."

"वय झालं," पत्नी म्हणाली, आणि डब्याची कडी काढली.

"कपाटाची तुमची किल्ली कुठे असते, सर?"

"जुडग्यात."

"आणि जुडगा?"

"अहो, हे हरवतात," पत्नीच म्हणाली. "म्हणून माझ्या पर्समध्ये असतो. लागला की मागतात."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही. कुणीतरी केव्हा एकदा विचारतंय ह्याची वाट पाहणाऱ्या माणसाची नजर होती ती.

"सर, पक्ष्यांना तुम्ही औषध कुठलं लावलं होतं?"

"सोमल. तेव्हा दुसरं होतंच काय?"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

*

संध्याकाळ व्हायच्या आधी बाईंनी सगळ्यांना कपाटासमोर बोलावलं. संचालक घड्याळाकडे पाहत होते. संग्रहपालनं आपली किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

"ती उचला," बाई तिला म्हणाल्या. "लागेल तुम्हाला." मग त्या वळल्या. "सर, तो लांब चोचीचा पक्षी देता जरा?"

प्राध्यापकांनी रुमाल काढला, पक्षी उचलला, पुढे केला.

"ठेवा. आता त्या आखूड चोचीच्यातलं काही."

त्यांनी उघड्या बोटांनी एक डोकं उचललं. दालनात सगळे त्या बोटांकडे पाहू लागले, आणि शेवटी प्राध्यापकांनीही पाहिलं.

"सकाळीही तुम्ही हेच केलंत. सगळ्यांना सोमल लावला असता, तर सगळ्यांना रुमाल लागला असता. तुमचं तोंड खोटं बोललं, हाताला ते जमलं नाही. कोणत्या पक्ष्यात विष आहे, हे तुमच्या हाताला कधीचंच माहीत आहे."

"ही उलटतपासणी माझी चालली आहे?"

"आधी किड्यांचं सांगते. डांबरगोळ्या असताना किडे घर करत नाहीत. म्हणून त्या काढायला हव्या होत्या. ह्या कपाटात एकही नाही. संग्रहपालनं काढल्या असत्या तर शेजारच्या कपाटात टाकल्या असत्या, कुणाला कळलं असतं? त्या दालनाबाहेर नेल्या, कारण नेणाऱ्याला बाहेरच जायचं होतं. किडे आत आले ते गुळगुळीत भांड्यातून. त्याच भांड्यातून गोळ्या बाहेर गेल्या. ते भांडं घासलं, पुन्हा घासलं, पण डांबरगोळीचा वास असा जात नाही. ज्या घरात डांबरगोळी येऊच देत नाहीत, त्या घरच्या डब्याला तो वास कुठून आला?"

संचालकांनी प्रथमच घड्याळावरून नजर काढली.

"रोज मागच्या फाटकानं, किडेघरावरून येणारा हा डबा," टेबलाकडे बोट दाखवत बाई म्हणाल्या. "तिसरा कप्पा रिकामा नसायचा, सर. तुम्ही कधी उघडून पाहिला नाहीत. आणि किल्ली पर्समध्ये. दोन औषधांचा प्रश्न संग्रहपालनं तुमच्या घरी विचारला तेव्हा चहा कुणी आणला होता?"

"मी," पत्नी म्हणाली. "तिचा साखर जास्त घालून केला होता. बिचारीचा अर्धा राहिला."

"हिचं डोकं फिरलंय," प्राध्यापक म्हणाले.

"बोलू द्या त्यांना."

तिनं खणाच्या कडेवर हात ठेवला.

"धाकटी बेटावरून आली तेव्हा तिच्या हातांना सुरीचे काप होते. सगळ्या बोटांना. मग तळहात घट्टे पडून राठ झाले, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उठल्या. हे म्हणाले, रक्ताचं दुखणं आहे, तुमच्या घराण्यातच असेल. मी म्हटलं असेल. तिला दोन वर्षं भरवलं मी. कंदील धरणाऱ्या मुलीच्या हाताला काप कसे, हे माझ्या मनात आलं नाही. ह्या पोरीनं चहा पिताना विचारलं आणि तेव्हा आलं." तिनं संग्रहपालकडे पाहिलं. "दलदलीत ती उतरली होती. लांब चोचीचे तिनं पकडले, तिनं सोलले. शोध तो होता. ह्यांनी तिच्या कापलेल्या हातांत सोमल दिला, तो अंगात भिनला; स्वतः मात्र टाकणखार घेतला. चिठ्ठ्या मात्र सगळ्या ह्यांच्या अक्षरात."

"तेव्हा कुणाला माहीत होतं—"

"माहीत नव्हतं तर औषधांची अशी वाटणी कशी झाली?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

प्राध्यापकांनी हातातलं डोकं खणात ठेवलं.

"मला भांडायचं नव्हतं," पत्नी म्हणाली. "भांडणात हेच जिंकले असते, आयुष्यभर जिंकलेत. मला एवढंच हवं होतं, की शुक्रवारी सगळ्यांसमोर खण ओढावा आणि ह्यांचं तेवढं खाल्लं जावं. धाकटीचं राहावं. दोन दिवस आधी उघडलं, नाहीतर बघायला मजा होती." मग संग्रहपालकडे वळून: "तुझ्यावर येईल हे सुचलंच नाही गं. शुक्रवारी मंचावर मी स्वतःच सांगणार होते. तेवढी माफी दे."

संग्रहपालनं हातमोजा चढवला, एक लांब चोचीचा पक्षी उचलला, पायाची चिठ्ठी उलटली आणि नाव लिहायला जागा करावी तशी कोऱ्या बाजूवर हलकेच फुंकर मारली.

"चला, काकू," निरीक्षकबाई म्हणाल्या. "नोंद करावी लागेल. संग्रह सरकारी आहे."

"चला." तिनं शाल सारखी केली, टेबलावरचा डबा उचलला. तेव्हा प्राध्यापकांनी तो पाहिला, जणू पहिल्यांदाच. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"अगं," ते म्हणाले. आवाजात गरुड उरला नव्हता. "डब्यात… मी महिनाभर जेवतोय त्यातून. तू आणखी काही घातलं नाहीस ना?"

ती थांबली. लग्न झाल्यापासून ती त्यांना अहो म्हणत आली होती.

"सोमलाला वास नसतो," ती म्हणाली. "चवही नसते. तुला ठाऊकच आहे."

आणि ती हवालदाराच्या पुढे चालू लागली.

जिन्यात निरीक्षकबाईंनी विचारलं, "काकू, घातलंत का?"

"छे हो. जेवण करताना धाकटीची आठवण यायची. त्यात विष कसं घालू?"

तरी नियमाप्रमाणे डबा प्रयोगशाळेत गेला. अहवाल यायला चांगला आठवडा लागतो. घाई असेल तर तसं वर लिहून द्यायचं असतं.

"लिहू, मॅडम?" हवालदारानं विचारलं.

"कशाला? त्यांना काय कामं कमी आहेत?"

सत्कार रद्द झाला. शुक्रवारी प्राध्यापक आपल्या खोलीत खिडकीजवळ बसले होते. त्यांनी दोन्ही हात उजेडाकडे धरले होते, आणि ते एकेक नख निरखून पाहत होते.