मडमेच्या कपाटातलं पेंग्विनचं अंडं

"साहेब, मी चोर न्हाई. तेवढं लोकांना पटवून द्या, दुसरं काय मागत न्हाई."

खासगी तपासाची कामं करणाऱ्या राधाकृष्ण भालसिंगांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या नगरच्या कचेरीत लंकाबाई उभी होती, श्रीरामपूरजवळच्या हार्डिंग शाळेची शिपाईण. १९७१ सालचा नोव्हेंबर होता. शाळेच्या कपाटातलं पेंग्विनचं अंडं नाहीसं झालं होतं, आणि कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी भर चर्चमध्ये तिला चोर म्हटलं होतं. मंगळवारपर्यंत अंडं मिळालं नाही, तर तिची नोकरी जाणार होती आणि शाळेच्या आवारातली खोलीही.

"एका अंड्यासाठी एवढं?" भालसिंगांचा मेहुणा सहादेव म्हणाला. "बाजारात डझनानं मिळतात की!" हा गडी तपासाला मदत कमी आणि नाश्ता जास्त करी, पण मनाचा चांगला होता.

"आतून पोकळ हाय ते. तळहाताएवढं हाय," लंकाबाई म्हणाली. "शाळा काढली त्या हार्डिंग मडमेनं विलायतेहून आणल्यालं."

मंगळवारी सकाळी दोघे शाळेत पोचले. खोलीला एकच दार. कपाटात चांदीचा चषक होता, शहामृगाचं अंडंही होतं. मधल्या कापसात फक्त खळगा. त्याच्यापुढे पांढरं कार्ड : 'पेंग्विन, दक्षिण ध्रुव'.

"हितं दोन चिठ्ठ्या हुत्या," लंकाबाई म्हणाली. "मडमेची जुनी पिवळी गेली. मला वाचता येत न्हाई, पर रोज पुसते ना मी."

"शेवटचं कधी पुसलंस?"

"शनवारी सकाळी. सांजच्याला लोकांनी हंगामाच्या सणाची दानं आणून हितंच ठेवली. धान्य, भोपळे, कोंबड्या. मी दारातच बसल्याली. येताना समदी भरल्या हातांनी आली, जाताना रिकाम्या हातांनी गेली. मग मी कुलूप घातलं. रविवारी दानं चर्चमधी नेली, उपासनेनंतर लिलाव झाला. मागनं कपाट पाह्यलं तर अंडं न्हाई, आन लोक अजून चर्चमधीच हुती."

काकासाहेब आले ते रागातच. "कपाटाची किल्ली खिळ्याला असते, पण दाराची हिच्याकडंच! गुरुवारी भंगारवाला समदं कपाट न्यायचा हुता. पोरांना बाकं पायजेत, अंडी काय करायची?"

"लिलावात तुम्ही काय घेतलंत?"

"भोपळा. माझा बोकड लई झकास हुता, पर आपलं दान आपण घ्यायचं न्हाई, ही आमची रीत. देवाला दिलं ते दिलं."

विज्ञानाचे शिक्षक फिलिप मास्तर शेजारीच राहत. त्यांच्या पत्नीने, रोझीबाईंनी, चहा केला.

"मडमेच्या चिठ्ठीवर 'उत्तर अटलांटिक' लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. "पेंग्विन उत्तरेला नसतात. वीस वर्षांपूर्वी मीच नवं कार्ड लावलं."

सहादेवचं लक्ष ओसरीवरच्या टोपलीकडे होतं. "वहिनी, अंडी गावठी दिसतात."

"घरचीच आहेत, भाऊ. कोंड्यात घालून दानाला दिली होती. लिलावात चढाओढीनं बोली लावून मास्तरांनी परत आमच्याच घरी आणली! काय हौस म्हणायची!"

भालसिंग शाळेच्या कार्यालयात गेले आणि जाडजूड इंग्रजी शब्दकोश टेबलावर ठेवला. तो आपोआप एका पानावर उघडला. तिथे खुणेला एसटीचं ताजं तिकीट घातलेलं होतं. पेंग्विन या शब्दाचं ते पान त्यांनी दोनदा वाचलं.

"काय झालं, दाजी?"

"आपल्या आधी कुणीतरी हे वाचलंय, सहादेव. सगळ्यांना बोलाव."

सगळे कपाटापुढे जमले.

"चोराने चांदी सोडली आणि चुकीची म्हणून ठरलेली चिठ्ठी नेली," भालसिंग म्हणाले. "ती खरी आहे, हे कळलेल्या माणसालाच ती हवी होती. काकासाहेब तर अंडं भंगारात देत होते. लंकाबाई चोर असती, तर चिठ्ठी गेल्याचं तिनं आपण होऊन सांगितलं नसतं."

"खरी कशी? उत्तरेला पेंग्विन न्हाईत म्हनत्यात ना?" काकासाहेबांनी विचारलं.

"आज नाहीत. पण पेंग्विन हे नाव आधी उत्तरेच्याच एका पक्ष्याचं होतं. पांढरं डोकं, असा त्याचा अर्थ सांगतात. काळा-पांढरा, कमरेइतका उंच, उडता न येणारा. वर्षाला एकच अंडं घालायचा. खलाशी त्यांना फळीवरून हाकलत जहाजात नेत आणि मारून खात. पुढे तेच खलाशी दक्षिणेला गेले, तसेच दिसणारे पक्षी त्यांना भेटले, आणि त्यांनी तेच नाव त्यांना दिलं. आज ते नाव आपण त्यांचंच समजतो. मूळ पक्षी सव्वाशे वर्षांपूर्वी संपला. जगात एकही उरला नाही."

सहादेवने कापसातल्या रिकाम्या खळग्याकडे पाहिलं.

"तळहाताएवढं नाजूक अंडं खिशात मावत नाही आणि शनिवारी सगळे रिकाम्या हातांनी गेले. म्हणजे ते दानांतच लपलं आणि लिलावातून बाहेर पडलं. ती टोपली दुसऱ्याच्या हाती पडून चालणार नव्हतं. रीत मोडून आपलं दान परत कुणी घेतलं, मास्तर?"

रोझीबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. फिलिप मास्तर घरी गेले आणि कापडात गुंडाळलेलं अंडं आणि पिवळी चिठ्ठी घेऊन आले. मळकट पांढऱ्या कवचावर काळ्या रेघांचं जाळं होतं.

"विकायला नाही घेतलं," मास्तर म्हणाले. "वीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं. खरं कळलं तेव्हा कमिटीला सांगायची लाज वाटली. भंगारात जाऊ द्यायचीही हिंमत होईना."

"अंडं वाचवलंत," भालसिंग म्हणाले, "आणि बाईला बुडवत होतात."

लंकाबाई अंड्याजवळ आली. "ह्याची आई, बाप, कुनीच न्हाई कुठं?"

"कुणीच नाही."

तिने डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. तिला रडू आलं ते तिने लपवलं नाही.

"झालं गेलं विसर, बाई," काकासाहेब खाकरले. "उद्यापासून ये कामाला."

"भर चर्चमधी चोर म्हनलात मला. भर चर्चमधी फेडा."

"मी सांगतो सगळ्यांना," मास्तर पुढे झाले.

"तुमी सांगालच, मास्तर. पर चोर ह्यांनी म्हनलं. ह्यांनीच सांगावं."

काकासाहेबांनी मान खाली घातली. मग ते स्वतः चर्चकडे चालत गेले आणि घंटेचा दोर ओढला. आडवारी घंटा वाजली म्हणून उसाच्या फडातली माणसं कोण गेलं म्हणत धावत आली. काकासाहेब टोपी काढून पायरीवर उभे होते. लंकाबाई गर्दीतून वाट काढत सगळ्यांच्या पुढे गेली आणि ऐकायला उभी राहिली.