उजवीकडचं वजन

मर्ल हॅगस्ट्रॉमने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. काउंटीचा सर्व्हेअर होता तो. नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत कुणाचं कुंपण कुठे संपतं यावरून तंटा लागला की शेवटचा शब्द मर्लचा. निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा त्याने घरातली दारं चौकटीत नीट बसतात का, हे तपासण्यात घालवला. शेवटी त्याची बायको लिनेट वैतागून म्हणाली, "कुठूनतरी एखादी मोडकी वस्तू आण आणि दुरुस्त करत बस. नाहीतर तू मलाच दुरुस्तीला काढशील."

म्हणून त्याने ट्रक आणला.

गावाबाहेर नोव्होत्नींचं शेत होतं. वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगेत तो पिकअप कित्येक वर्षं उभा असलेला मर्लने जाता-येता पाहिला होता. पन्नास सालच्या आसपासचा, गोल बोनेटचा, मूळचा हिरवा. हौद्यात गवत उगवलेलं, चाकं खाली बसलेली. लुमिर नोव्होत्नीला जाऊन बराच काळ लोटला होता. त्याची बायको ओपल एकटीच राहत होती. मर्लने विचारलं तेव्हा ती ओसरीवरूनच म्हणाली, "हवा असेल तर न्या." जवळ मात्र आली नाही.

एकच अडचण होती. उजवीकडचं, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूचं दार, एका हॅकबेरीच्या झाडाच्या खोडाला असं चिकटलं होतं की मध्ये पोस्टकार्ड जाऊ नये. खोड वाढत जाऊन दाराच्या पत्र्यात रुतलं होतं.

"झाड तोडावं लागेल, नोव्होत्नीबाई."

"तोडायलाच हवं?"

"नाहीतर दार तुटेल."

ती बराच वेळ झाडाकडे बघत राहिली. मग आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मर्लला तो होकार वाटला. त्याने करवत चालवली.

ट्रक घरी आला आणि मर्लच्या दिवसांचं सोनं झालं. सकाळची कॉफी झाली की तो गॅरेजमध्ये शिरायचा तो जेवायलाच बाहेर यायचा. इंजिन उतरवलं, धुतलं, पुन्हा जुळवलं. हौद्याच्या सडलेल्या फळ्या काढून ओकच्या नव्या घातल्या. गंज घासून घासून त्याच्या बोटांचे ठसे पुसट झाले. त्या उजव्या दारात झाडाच्या खोडाएवढा पोचा होता. तो त्याने आतून लाकडी हातोडीने ठोकून बाहेर काढला. दार मात्र उघडेना. बिजागऱ्या मोकळ्या केल्या, कुलपात तेल सोडलं, तरी ते आतून कुणी ओढून धरल्यासारखं घट्टच राहिलं. एका दुपारी ते आपोआप सैल पडलं आणि उघडलं. मर्लला आनंद झाला. जुन्या लोखंडाची हीच मजा, त्याला वाटलं. ते आपल्या वेळेने ऐकतं.

सगळ्यात आधी त्याच्या लक्षात आलं ते हे की ट्रक उजवीकडे झुकतो.

गॅरेजची फरशी त्याने स्वतः ओतून घेतली होती आणि त्या फरशीला उतार नाही हे तो शपथेवर सांगू शकत होता. उजव्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे थकले असतील, असं धरून त्याने नवे बसवले. ट्रक झुकलेलाच. मग त्याने डावीकडचे पाटे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे घातले. तरी ट्रक उजवीकडेच झुकला. चेसिस वाकलीय का ते दोरी लावून पाहिलं. चेसिस सरळ होती. सीटच्या स्प्रिंगा बदलल्या, नवं रेक्झिन चढवलं. आठवडाभरात उजवीकडची गादी मध्यभागी खोल गेली.

मग तो ट्रक धान्याच्या गोदामावर घेऊन गेला. आधी डावीकडची चाकं काट्यावर घातली, मग उजवीकडची. काट्यावर बसणारा डेल त्याला म्हणाला, "मर्ल, शेजारी बसलेल्याला उतरवून मग वजन कर की."

"कोण बसलंय?"

डेलने मान वर करून पाहिलं. "कुणी नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, लिनेट आहे."

उजवी बाजू जास्तच भरली होती. एका मोठ्या, अंगाने भरलेल्या माणसाइतकी.

लिनेट त्या ट्रकमध्ये एकदाच बसायला गेली. संध्याकाळी चक्कर मारू, म्हणून मर्लनेच बोलावलं होतं. तिने उजवं दार उघडलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि तशीच मागे आली.

"काय झालं?"

"मी तिथे नाही बसत."

"अगं, नवीन रेक्झिन आहे."

"रिकामी वाटत नाही रे ती सीट," लिनेट म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याचं हसू आल्यासारखं करून घरात गेली. त्यानंतर तिने त्या ट्रकचं नाव काढलं नाही. मर्ल गॅरेजमध्ये असला की ती स्वयंपाकघरातला रेडिओ मात्र मोठ्याने लावायची.

ऑक्टोबरात थंडी पडली. एका सकाळी मर्ल गॅरेजमध्ये गेला तर ट्रकच्या उजव्या काचेवर धुकं धरलं होतं. सगळ्या काचेवर नाही. वाटीएवढा एक गोल, आतल्या बाजूने. त्याने दार उघडून फडक्याने तो पुसला आणि दार लावलं. गॅरेजमधला ओलावा, रात्रीची थंडी, सकाळचं ऊन. कारणं त्याच्याकडे भरपूर होती. तो वळणार तोच गोल परत आला.

मर्ल उभा राहून बघत राहिला. गोल आकसला. मग वाढला. मग आकसला.

सावकाश, झोपेतल्या माणसाच्या लयीत.

बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, बरोबर त्या उंचीवर होता तो. मर्लला कळलं की आपण श्वास रोखून धरलाय. त्याने तो सोडला, आणि काचेवरचा गोल तेवढ्यापुरता थांबला, कुणीतरी कान दिल्यासारखा.

त्याच सकाळी तो ओपल नोव्होत्नीकडे गेला. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, जर्दाळूच्या कोलाची, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, पुढे ठेवल्या. तो काय विचारायला आलाय हे तिला ठाऊक असावं, कारण त्याने तोंड उघडण्याआधीच ती बोलली.

"ते झाड आधीचं नव्हतं."

"म्हणजे?"

"तुम्हाला वाटलं असेल, लुमिरने ट्रक नेऊन झाडाला भिडवला. तसं नाही. ट्रक आधी उभा केला. मग त्याने त्या दाराला टेकून रोप लावलं. दुष्काळ होता त्या वर्षी. रोज सकाळी गाईंच्या आधी तो त्या रोपाला पाणी घालायचा."

"का?"

"मी विचारलं नाही. आमच्याकडे जास्त विचारायची पद्धत नव्हती." तिने कपातली कॉफी ढवळली, साखर घातली नव्हती तरी. "शेवटी दवाखान्यात होता तेव्हाही एकच विचारायचा. झाड जगलंय ना?"

मर्लने कोलाची तोंडात घातली. 

"हॅगस्ट्रॉम," ओपल म्हणाली, "अजून झुकतो का तो? उजवीकडे?"

"झुकतो."

"मग ठीक आहे. झुकलाय तोवर ते कुठे आहे हे तुम्हाला कळतंय."

"ते म्हणजे काय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दया होती, आणि तीच मर्लला जास्त झोंबली. "तुम्ही झाड तोडलंत," एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन मर्लने ट्रक सुरू केला आणि गॅरेजच्या उजव्या भिंतीला असा भिडवला की दाराचा नवा रंग खरवडला गेला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. आयुष्यभर लोकांना सांगत आलेला माणूस, की डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा. तो आज एक दार बंद राहावं म्हणून भिंतीला टेकवत होता. पण मोजून तर तो इथवर आला होता. किल्ली त्याने खुंटीवर टांगली आणि गॅरेजला कुलूप घातलं. लिनेटने विचारलं तेव्हा म्हणाला, गुडघा दुखतोय. ती "बरं" म्हणाली. त्या रात्री तिने बऱ्याच दिवसांनी रेडिओ बंद केला.

असे काही आठवडे गेले. थँक्सगिव्हिंगला त्यांची मुलगी ब्रिटा लिंकन शहरातून आली. तिथे ती शाळेत शिकवायची. टर्की झाली, गोड पंपकिन पाय झाला, हसणं-खिदळणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्ल जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून मीठ आणायला गावात गेला. बर्फाचा अंदाज होता, तो वितळावा म्हणून पायऱ्यांवर टाकायला हवं होतं. परत येऊन त्याने गाडी आवारात वळवली, आणि त्याचा पाय ब्रेकवरच राहिला.

ट्रक बाहेर उभा होता. लख्ख उन्हात, धुतलेला. उजवं दार सताड उघडं.

बादली घेऊन ब्रिटा मागून आली. "बाबा, एवढा सुंदर ट्रक कोंडून काय ठेवलास? आईकडून कुलपाची किल्ली घेतली, म्हटलं, बाबा येईपर्यंत चकाचक करू."

"दार कुणी उघडलं?"

"मी. आत कसला तरी वास होता, ओल्या लोकरीसारखा. म्हटलं, हवा लागू दे."

"कधी?"

"झाला की तास-दीड तास. असा काय बघतोयस?"

मर्ल गॅरेजमध्ये गेला. पाणसळ घेऊन आला. ट्रकच्या समोरच्या बंपरवर त्याने ती आडवी ठेवली आणि वाकून पाहिलं.

बुडबुडा मधोमध होता.

त्याने पाणसळ उलटी करून ठेवली. मधोमधच.

सीटची गादी भरून वर आली होती, दुकानातून आणल्यासारखी.

तो घरात गेला. बैठकीतल्या सोफ्यावर त्याने हात दाबून पाहिला. मग आरामखुर्चीवर. मग खिडकीजवळच्या बाकावर.

"काय शोधतोयस?" लिनेटने विचारलं.

"चष्मा."

"नाकावर आहे."

तो वर गेला, पलंगांच्या गाद्या पाहिल्या, चादरी ओढून सरळ केल्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून कान दिला. आवारात सगळीकडे पाहिलं. वाळलेल्या गवतावर दवाचे थेंब तसेच होते. ट्रकपासून निघालेली पावलं कुठे नव्हती. जेवताना तो रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. खुर्ची खुर्चीसारखीच राहिली. कुणी दार वाजवलं नाही, कुठे काच धूसर झाली नाही. लिनेट उरलेल्या टर्कीचं सँडविच खात ब्रिटाच्या शाळेतल्या मुख्याध्यापकाची नक्कल करत होती, आणि गेले कित्येक आठवडे मर्लने तिला इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

दुपार कलली तसं त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे बघणं सोडलं. गेलं असेल. दार उघडलं, हवा लागली, गेलं. लुमिर नोव्होत्नीने इतकी वर्षं ज्याला कोंडलं त्याला कदाचित एवढंच हवं असेल, मोकळं सुटायला. मर्लने पंपकिन पायचा दुसरा तुकडा मागून घेतला.

बर्फाच्या आधी पोहोचायचं म्हणून ब्रिटा लवकर निघाली. लिनेटने तिला डबे बांधून दिले, वर एक गोधडी. तिची छोटी नवी गाडी फाटकातून बाहेर पडली. दोघांनी हात हलवला. मर्लने मग ट्रक गॅरेजमध्ये घेतला, या वेळी मधोमध. उतरताना त्याने शेजारच्या सीटवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत घरात शिरला.

फोन वाजला तेव्हा पश्चिमेला अजून उजेड होता. ब्रिटाचा होता, गाडीतून.

"बाबा, तुझं ज्ञान वापर जरा. ही बेल कशी बंद करतात?"

"कसली बेल?"

"ऐक ना." चाकांच्या घरघरीवर त्याला ती ऐकू आली. टिंग, टिंग, टिंग. "शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणतेय. निघाल्यापासून चालू आहे. मला वाटलं, आईच्या डब्यांमुळे, म्हणून थांबून डबे मागे ठेवले. सीट रिकामी आहे तरी वाजतेच आहे."

 लिनेट सिंकपाशी होती; तिने नळ बंद केला आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

"ब्रिटा," तो म्हणाला. त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला. "गाडी बाजूला घे आणि खाली उतर."

"इथे? इथे काहीच नाहीये, बाबा. मैलभर साधं घर नाही. आणि बर्फ सुरू झालाय."

"असू दे. माझं ऐक. इंजिन बंद करू नकोस, काही घेऊ नकोस. थांब आणि उतर."

"का पण? नुसती बेल आहे, सेन्सर बिघडला असेल..."

टिंग, टिंग, टिंग.

मग खट् असा एक छोटा आवाज झाला आणि बेल थांबली.

चाकांची घरघर तेवढी राहिली. मर्ल वाट पाहत होता, ती आता म्हणेल, बघ, झाली बंद.  लिनेटने ओल्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"ब्रिटा?"

तिचा आवाज आला तेव्हा तो अगदी हळू होता, शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून ओठ न हलवता बोलावं तसा.

"बाबा," ती म्हणाली, "पट्टा लावला त्याने."