सेशन छान झालं

आमच्या घरी इंटरनेटची वायर येते ती कालव्याच्या कडेनं, सात खांबांवरून. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की वर्षातून दोनदा तरी ती तुटते, त्यामुळे नेट गेलं तर पिंपळीत कुणी नवल करत नाही. मीही केलं नसतं. पण आमचं नेट मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजून सहा मिनिटांनी जायचं आणि पावणेपाचला आपोआप यायचं. बाकी आठवडाभर सुरळीत.

नेमकं त्याच वेळेला माझ्या मुलीचं सेशन असायचं. संस्कृती सव्वातीन वर्षांची, आणि बोलायची ते फक्त सात शब्द. बारामतीच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते चांगले निघाले. स्पीच थेरपी घ्या म्हणाले. श्रेया मॅडम पुण्याच्या. महिन्यातून एकदा त्या इंदापूरला एका दवाखान्यात यायच्या, पण तिथला नंबर पंधरा-वीस दिवसांनी लागणार होता. तोवर व्हिडिओ कॉल.

सातही शब्द मी वहीत लिहून ठेवले होते. आई, पाणी, माऊ, दे, नको, गेली, चांदोबा. रोज कुठला शब्द किती वाजता म्हणाली तेही लिहायचे. त्यात 'बाबा' नव्हता. हे अजितला लागायचं, पण तो बोलून दाखवायचा नाही. एमआयडीसीतल्या डेअरीतून शिफ्ट करून आला की वही उघडायचा, वाचायचा आणि मिटून ठेवायचा.

पहिल्या सेशनला मॅडमनी मांजराचं चित्र समोर धरलं. "हे कोण?" म्हणाल्या आणि तशाच थिजल्या, तोंड अर्धं उघडं. राउटरवर लाल दिवा, आणि मोबाईलवर आमच्या घरात नेट धरत नाही. मी राउटर बंद केला, शंभर आकडे मोजले, चालू केला. लालच. पावणेपाचला दिवा हिरवा झाला आणि मॅडमचा मेसेज आला : 'आजचं सेशन छान झालं. माऊ किती स्पष्ट म्हणाली!'

संस्कृती काहीही म्हणाली नव्हती. मी शेजारीच बसले होते. मॅडमचा गोंधळ झाला असेल, हे मला कळत होतं. तरीही मी लिहिलं, 'थँक्यू मॅडम'. आणि उठून स्वयंपाकघरात गेले, तो मेसेज सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायला. वर्षभर जे ऐकून घेतलं होतं, त्याला एकदा तरी उत्तर द्यायचं होतं मला.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग आमच्यापुढं का बोलत न्हाय? का त्या मोबाईलचीच लेक हाय ती?"

शुक्रवारीही तेच. चार वाजून सहा मिनिटं, लाल दिवा. मेसेज : 'आज पाणी आणि दे जोडून म्हणाली. असाच सराव ठेवा.'

मी कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मग अकबरभाई आले. पन्नाशीचे, पूर्वी गावात केबल टीव्हीचं बघायचे, आता फायबरचं बघतात. त्यांनी वायर उपसून मीटरला लावली. तिच्यातनं येणारा उजेड त्या मीटरवर मोजतात.

"लई भारी उजेड हाय, ताई. एवढा सरपंचाच्या घरी न्हाय."

"मग नेट जातं कशानं?"

"तो राउटर फ्रीजवर कशापायी ठिवलाय? लोणच्याची बरणी हाय का ती?"

राउटर खाली आला. छोटी वायर बदलली. मग राउटरच बदलला. मंगळवारी चार वाजून सहा मिनिटांनी नव्या राउटरवरही लाल दिवा लागला. मेसेजमध्ये या वेळी 'नको' होतं, आणि 'चांदोबा'.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाल्या, "पोरगी पाणी म्हणत व्हती की गं. आता नुसतं बोट दावती."

मी वही काढली. 'माऊ' शेवटचं म्हणाली ती पहिल्या मंगळवारी सकाळी. 'पाणी' शुक्रवारी दुपारी. 'चांदोबा' सोमवारी अंगणात. मॅडमचे मेसेज शेजारी ठेवून तारखा लावल्या. त्यांनी ज्या ज्या शब्दाचं कौतुक केलं होतं, तो तो त्या दिवसानंतर आमच्या घरात ऐकू आला नव्हता. सातातले दोन उरले होते : आई आणि गेली.

अजितला दाखवलं. त्यानं बूट काढता काढता ऐकलं. "बी.एस्सी. करून हेच सुचलं का तुला? पोरं शिकतात, विसरतात. तुला सगळ्यात खोटच दिसते."

शुक्रवारी मी अकबरभाईंना बरोबर चारला बोलावलं. ते तिसऱ्या खांबापाशी पेटी उघडून थांबले. मी फोन स्टँडवर लावून मॅडमना कॉल लावला, आणि दिवा लाल होताच संस्कृतीला कडेवर घेऊन उसाच्या बांधानं पळत गेले. खोलीत कुणी नव्हतं. आत्या ओसरीवर लसूण सोलत होत्या, त्यांना मी ओलांडून आले होते.

अकबरभाई मीटरकडे बघत होते.

"लाल दिवा लागलाय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हितनं उजेड जातोय. तिकडनं येतोय बी." त्यांनी मीटर तळहातावर आपटून पुन्हा लावलं. "लाईन बंद न्हाय, ताई. कोणतरी बोलतंय तिच्यावर."

आम्ही पावणेपाचपर्यंत तिथंच उभे राहिलो. संस्कृती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. मग तिघं घरी आलो, फोनवर 'आज गेली किती छान म्हणाली!' असा मेसेज होता; मी मॅडमकडे रेकॉर्डिंग मागितलं. त्यांनी चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवला.

आमचीच खोली. मागच्या कॅलेंडरवरची अक्षरं सुलटी. घड्याळात चार वीस. खुर्चीवर संस्कृती, आणि शेजारी मी, ह्याच पिवळ्या ड्रेसमध्ये.

"गेली," ती पोरगी म्हणाली. "माऊ गेली. पाणी दे आई."

आणि मी टाळ्या वाजवल्या. किती हसत होते मी.

अकबरभाईंनी तो तुकडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग कडेवरच्या मुलीकडे.

"कधीचं हाय हे?"

"आत्ताचं."

बराच वेळ ते वायर गुंडाळत राहिले. "ताई, काढून टाकू का लाईन?"

खरं सांगते, 'काढा' म्हणायला मला वेळ लागला. तोवर मी तो तुकडा पुन्हा चार वेळा ऐकला होता. तीन वर्षं त्या आवाजाची वाट पाहिली होती मी.

"काढा," मी म्हणाले. त्यांनी पक्कड लावली.

पुढच्या मंगळवारी घरात नेट नव्हतं. फोन बंद करून मी पेटीत ठेवला, दार लावलं आणि चार वाजता संस्कृतीला घट्ट धरून बसले.

"मी कोण?"

"आई."

"मी कोण?"

"आई."

चार वाजून सहा मिनिटांनी मी पुन्हा विचारलं. तिनं ओठ उघडले. मग मिटले.

पावणेपाच झाले. तिनं माझ्या ओठांना बोट लावून पाहिलं, आतून काही येतं का ते बघावं तसं.

बुधवारी इंदापूरचा नंबर होता. एस.टी.नं गेलो. लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी. तिनं पूर्ण रस्ताभर माझी ओढणी मुठीत धरली होती. मी कानाशी एकच शब्द म्हणत होते. पुढच्या सीटवरची बाई दोनदा वळून बघून गेली.

मॅडम पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. मला बघून उठल्याच. "या, या! काल काय मजा आली हो!"

"काल आमच्याकडे नेट नव्हतं, मॅडम."

"काय सांगता?" त्या हसल्या. "काल तर पहिल्यांदाच एकदाही अडकलं नाही."

मी समोर बसले, तशी त्यांनी माझ्यामागं दाराकडे पाहिलं.

"आज संस्कृतीला नाही आणलं?"

ती माझ्या मांडीवर होती.

मॅडम खाली वाकल्या. तिच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवली. ती नुसती बघत राहिली.

"ही धाकटी का? अगदी ताईसारखी दिसते हो. अजून बोलत नाही वाटतं?" आणि माझं तोंड बघून घाईनं म्हणाल्या, "बोलेल, बोलेल. थांबा, ताईचं कालचं ऐकवते तुम्हाला."

त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. मी डोळे मिटले. बघायचं नाही, असं घरातून ठरवून आले होते.

आतून आवाज आला. स्वच्छ, थोडा लाडात आलेला.

"आई!"

"काय गं बाळा?" मी म्हणाले.

मांडीवरच्या पोरीनं माझी ओढणी सोडली.