एकाच ताग्यातली दोघं

प्रेम माणसाचं कुळ पाहत नाही, रूप पाहत नाही, कपडे तर मुळीच पाहत नाही. ते थेट अंतःकरणाला हात घालतं. उवा ओनेंगने मात्र कपडे पाहिले आणि थेट दंडाला हात घातला.

ही उवा म्हणजे इमासच्या आईची थोरली बहीण; पण तशा वयाच्या बाईला आमच्याकडे परकेही उवाच म्हणतात. सहलीत कुणी हरवू नये म्हणून तिने साऱ्या खानदानाला एकाच ताग्यातलं बाटिक शिवायला लावलं होतं. निळ्यावर पिवळी पाखरं. "ही नक्षी दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसणार नाही," असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तेच त्याने सुकाबुमीच्या एका कुटुंबालाही सांगितलं होतं. रविवारी दोन्ही कुटुंबं बोगोरच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात, देवमाशाच्या सांगाड्यापाशी एकमेकांत मिसळली.

"हे धर," म्हणत उवाने एका उंच पोराच्या हातात भाताची टोपली आणि छत्री कोंबली. "नुसता खांबासारखा उभा! आईने हेच शिकवलं का?"

"नाही, उवा," पोरगा म्हणाला, आणि धरलं.

हा आपला नव्हे, हे इमासला लगेच कळलं. आपल्यात पहिल्या हाकेला ऐकणारं कुणी नव्हतंच.

"अहो... ती आमची मावशी आहे," ती जवळ जाऊन पुटपुटली.

"वाटलंच. माझी इतक्या मायेने ओरडत नाही."

"द्या इकडे ते ओझं."

"राहू द्या, रागावतील त्या. मी गिलांग."

"मी इमास. पण तुमची माणसं शोधत असतील—"

"कशाला शोधतील? मी त्यांना सारखा सापडतोय."

खरंच, सांगाड्याच्या शेपटीपाशी त्याची आई इमासच्या चुलतभावाला दटावत होती, "गिलांग, शर्ट आत खोच!"

इमास हसली, आणि मग तिला हसू आवरेना. फुलपाखरांच्या पेटीवर दोघं एकदमच वाकली. काचेवर दोघांच्या श्वासाचं धुकं आलं. त्याने ते बाहीने पुसलं... तिच्या बाजूचं आधी. इमास फुलपाखरांची नावं वाचत राहिली. एकही लक्षात राहिलं नाही.

तिच्या मनात एकच भुंगा होता. संध्याकाळी हा सुकाबुमीच्या गाडीत बसेल. तो थांबलाय तो आपल्यासाठी, की उवाच्या धाकाने?

संग्रहालयातून दोन्हीकडची मंडळी शेजारच्या वनस्पती उद्यानात शिरली. जेवण नदीपलीकडच्या हिरवळीवर ठरलं होतं. दुपारी पाऊस आला. आमच्या बोगोरमध्ये वेळेवर येणारा तो एकटाच. नदीवर लाल झुलता पूल आहे. प्रेमिकांनी तो जोडीने ओलांडला की त्यांचं तुटतं, असं म्हणतात. आमच्याकडे यावर कुणाचाच विश्वास नाही; लग्न ठरलेली जोडपी लांबच्या वाटेने जातात ती केवळ पाय मोकळे करायला.

सगळे पलीकडे पोचले. मागे राहिली ही दोघं.

"या ना दोघं बरोबर!" इमासची मैत्रीण तेती पलीकडून ओरडली. "तुमचं काय तुटायचंय?"

इमासने ओल्या दोराला हात लावला. हा हसत हसत शेजारी आला, तर आपल्याला उत्तर मिळालं... नको असलेलं.

"चला," ती शक्य तितक्या हलकेपणाने म्हणाली. "आपलं काही नाहीच, तर भीती कसली?"

गिलांग जागचा हलला नाही.

"तुम्ही व्हा पुढे. मी वळसा घालून येतो."

"एवढ्या पावसात? असल्या गोष्टींवर विश्वास आहे तुमचा?"

"छे! मी शाळेत गणित शिकवतो." त्याने टोपली या हातातून त्या हातात घेतली. "पण... तुमच्याबरोबर हा पूल मला नाही ओलांडायचा. विश्वास नसला तरी."

तिने पुलावरचा पाय मागे घेतला.

"छत्री एकच आहे," ती म्हणाली. "मीही वळशानेच येते."

"अरे ए!" पलीकडून उवा कडाडली. "पूल इकडे आहे! भात घेऊन कुठे निघालात?"

"उवा, जरा गप्प बसा ना," तेती म्हणाली. "चांगलं चाललंय."

"चांगलं? इथे पोटात आग पडलीय!"

मोठमोठ्या पानांवरून पाणी टपटपत होतं. दोघं खांद्याला खांदा लावून चालत होती.

"पुढच्या रविवारी येऊ?" त्याने विचारलं. "सहलीबिहलीशिवाय. फक्त... तुम्हाला भेटायला?"

"ये," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

दोघं वाटेच्या वळणापर्यंत आली. मग तो थांबला.

"इमास..."

"हं?"

"जरा हळू चालशील? तुझ्याशी एक काम आहे."

तिने मान खाली घातली. "सांग ना."

"टाचेला लावायला चिकटपट्टी आहे का गं पर्समध्ये? नवा बूट फार चावतोय."